संतापवर्धन उपसमिती

लोकमंगल कला महाविद्यालयाच्या एम.ए. इंग्रजीच्या वर्गात संतापाचं प्रमाण समाधानकारक नाही, ही गंभीर बाब प्राचार्य डॉ. सखाराम जिवरग यांच्या लक्षात आली, तेव्हा मूल्यांकन समितीच्या भेटीला जेमतेम महिना उरला होता.

झालं होतं असं. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला 'युद्धोत्तर ब्रिटिश नाटक' नावाचा पेपर होता. पेपर शिकून विद्यार्थ्याला काय येईल, म्हणजेच त्या पेपरची 'निष्पत्ती' काय, हे संकेतस्थळावर लिहिणं बंधनकारक होतं. मागच्या वर्षी शेवटच्या तारखेच्या घाईत कुणीतरी लिहून टाकलं होतं, 'विद्यार्थी तरुण पिढीचा संताप आणि वर्गीय परकेपणा प्रत्यक्ष अनुभवेल.' 'समजून घेईल' लिहिलं असतं तर उत्तरपत्रिका दाखवून भागलं असतं. 'अनुभवेल' म्हटल्यावर पुरावा आला. दुरुस्ती करावी, तर संकेतस्थळाचा पासवर्ड ज्या सरांना ठाऊक होता ते निवृत्त होऊन मुलाकडे कॅनडाला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. शब्द बदलता येईना, म्हणून विद्यार्थी बदलायचं ठरलं.

त्यासाठी संतापवर्धन उपसमिती स्थापन झाली. अध्यक्ष स्वतः प्राचार्य. काम करायला सदस्य-सचिव म्हणून बुद्धभूषण अवसरमल.

बुद्धभूषण हा पेपर शिकवायचा, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास सुरू असेपर्यंत तो प्राध्यापक असे आणि घंटा झाली की कुणी नसे. त्याच्याकडे पीएच.डी. होती, नेट होती, आणि पोरांना आवडेल असं शिकवायची हातोटी होती. स्टाफरूममध्ये खुर्ची मात्र नव्हती, कारण खुर्च्या मंजूर पदांच्या हिशेबानं आल्या होत्या. कुणी रजेवर असलं की तो त्याच्या खुर्चीत बसे. त्यामुळे सहकाऱ्यांच्या तब्येतीची चौकशी तो फार मनापासून करी.

"अवसरमल, मुलं चिडत का नाहीत?" प्राचार्यांनी विचारलं.

"सर, मी शिकवतो तर आहे."

"शिकवून काय उपयोग? समितीला दिसलं पाहिजे. नाटक बसवा. तुमच्या पेपरात तो तरुण आहे ना, सारखा ओरडणारा?"

"टॉम. खाणकामगाराचा मुलगा."

"हां, तोच. तो जोरात बसवा. आणि हे नीट पार पडलं, तर विभागातल्या त्या रिकाम्या पदाचं... बघू आपण."

इतकी वर्षं 'विचाराधीन आहे' ऐकत आलेल्या बुद्धभूषणला 'बघू' ही बढतीच वाटली. त्या संध्याकाळी तो छावणीमागच्या आपल्या दोन खोल्यांत जिलेबी घेऊन गेला. बायको करुणा एका दवाखान्यात परिचारिका होती, नुकतीच ड्यूटीवरून आलेली.

"जिलेबी कशाची?"

"बघू म्हणाले."

"'बघू'ची जिलेबी आणलीस?" करुणा म्हणाली. "'नक्की बघू' म्हणाले असते तर मांडव टाकला असतास." पण जिलेबी तिनंही खाल्ली, आणि सासूला, गीताबाईंना, जास्तीची वाढली.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्गात टॉमची गोष्ट पुन्हा सांगितली. महायुद्ध संपलं, सरकारनं गोरगरिबांच्या पोरांसाठी कॉलेजांची दारं उघडली. टॉम शिकला. त्याचे उच्चार सुधारले, तसा बाप त्याच्याशी बोलायला बिचकू लागला. पदवी घेऊन तो बड्या लोकांच्या दिवाणखान्यात गेला. त्यांनी कौतुकानं आत घेतलं, चहा दिला, आणि हा कप कसा धरतो ते बघत बसले. आता तो मासळीच्या दुकानावरच्या खोलीत भाड्यानं राहतो, दिसेल त्याच्यावर ओरडतो आणि बशा फोडतो.

सांगता सांगता बुद्धभूषणनं रुमालानं डोळे पुसले. सरांना धुळीचा त्रास होतोय असं समजून पोरांनी खिडक्या लावल्या.

"सर, डिग्री मिळाली ना त्याला?" ऋतुराजनं विचारलं. "मग काहून चिडायलाय?"

"नोकरी नाही, मान नाही. घरचा राहिला नाही आणि बाहेरचा झाला नाही."

"मग स्पर्धा परीक्षा दे म्हणावं," मागच्या बाकावरून सल्ला आला.

"नायतर प्लॉटिंग," ऋतुराज म्हणाला.

ऋतुराज बिडकीनचा. घरची जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यापासून त्याच्या आयुष्यात चिडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बुद्धभूषणनं त्याला खोदून खोदून विचारलं, तेव्हा फार आठवून तो म्हणाला, "येतो ना सर राग. गाडीचं छत उघडतंय, पन आपल्याकडं ऊनच एवढं की उघडता येत नाय."

टॉमची भूमिका त्यालाच मिळाली. मांडव, आवाजाची व्यवस्था आणि समितीचं जेवण त्याच्या वडिलांनी अंगावर घेतलं होतं. टॉमच्या बायकोची भूमिका सायलीकडे आली. सायली सोयगावची, कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. तिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई, आणि तक्रार केली की रेक्टरबाई जुळवून घ्यायला सांगत. नाटकात तिनं पहिल्या अंकात चहा द्यायचा होता, दुसऱ्या अंकात रडायचं होतं आणि तिसऱ्या अंकात पुन्हा चहा द्यायचा होता.

"सर, ह्यो चिडणार अन् मी चहा देनार?"

"नाटक त्या काळातलं आहे, सायली."

"अन् आपला कोन्ता काळ चालूय?"

हा विषय उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नव्हता.

तालमी सुरू झाल्या तसं कार्यालयातून परिपत्रक निघालं. संताप शिस्तबद्ध असावा. तो इंग्रजीतून व्यक्त करावा. संस्था, वसतिगृह, पाणी, ग्रंथालय व पार्किंग हे विषय संतापातून वगळण्यात येत आहेत. संताप शक्यतो ब्रिटिश सरकारवर काढावा. ते आता येथे नसल्याने कोणाची हरकत येण्याचा संभव नाही.

मग बशांचा प्रश्न उभा राहिला. फोडण्याच्या हेतूनं वस्तू खरेदी करता येते का, यावर खरेदी समितीची बैठक झाली. येते, पण तीन दुकानांची दरपत्रकं हवीत, असं ठरलं. तिन्ही दुकानदारांनी प्रामाणिकपणे लिहून दिलं की आमच्या बशा फुटत नाहीत. शेवटी कँटीनमधल्या स्टीलच्या ताटल्या उसन्या आणल्या. पहिल्याच तालमीत ऋतुराजनं ताटली भिरकावली. ती भिंतीवर आपटली, परत आली, स्टेजभर गरगर फिरली आणि त्याच्याच पायाशी येऊन निवांत पडली. तिला पोचा पडला. ताटल्या आहेत त्या स्थितीत परत हव्यात, असं कँटीनचालकानं बजावलं. म्हणून कॉलेजच्या क्रिकेट संघातली यष्टिरक्षक तनुजा हिला ग्लोव्ह्ज घालून विंगेत उभं केलं. ब्रिटिश कामगारवर्गाचा तरुण जीव खाऊन ताटली फेकी आणि आतून आवाज येई, "कॅच!"

एवढं होऊनही मुख्य अडचण कायम होती. ऋतुराजला चिडता येत नव्हतं. 'मला तुम्हा सगळ्यांचा तिरस्कार वाटतो' हे वाक्य तो इंग्रजीत असं म्हणे, की ऐकणाऱ्याला लग्नाचं आमंत्रण आल्यासारखं वाटे.

"असं नाही. हे बघ," बुद्धभूषण म्हणाला. त्यानं मुठी आवळल्या, छाती भरून श्वास घेतला, आणि तोंडातून निघालं, "विथ युवर काइंड परमिशन..."

पोरं हसली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. या वेळी 'सॉरी' निघालं. तिसऱ्या वेळी शब्दच आला नाही. नुसतं हसू आलं, प्राचार्यांच्या दाराशी उभं राहताना यायचं तसलं. ते चेहऱ्यावरून पुसता पुसता त्याला घाम फुटला.

"मला रागच येईना, करुणा," घरी जाऊन तो म्हणाला. त्याला खरोखर भीती वाटत होती.

"काहीतरीच. उन्हाळ्यात त्या टँकरवाल्या पोरावर केवढा ओरडलास. गल्ली गोळा झाली होती."

"तो माझ्यापेक्षा गरीब होता."

करुणानं हातातला कपडा घडी घालायचा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. मग तिनं त्याच्यासाठी चहा टाकला.

समिती आली. हिमरू शाली झाल्या, नारळ झाले. एरवी कुलपात असलेली ग्रंथालयातली कपाटं उघडली आणि पुस्तकांबरोबर विद्यार्थ्यांचे फोटो काढले गेले. मुलींच्या वसतिगृहात तर त्या सकाळी सगळ्या नळांना पाणी आलं. मुली आधी घाबरल्या. मग त्यांनी बादल्या भरल्या, तांबे भरले, जेवणाचे डबे भरले आणि एकेक करून न्हायला गेल्या. समितीनं नळ सोडून पाहिला, समाधानानं मान डोलावली, आणि समिती वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पडताच तिच्या मागोमाग पाणीही गेलं. त्या क्षणी सायली डोक्याला साबण लावून उभी होती. भरलेल्या बादल्यांना रेक्टरबाईंनी आधीच हात लावू दिला नव्हता. बादल्यांचे फोटो अजून व्हायचे होते.

नाटक सुरू झालं. टॉमनं जगाचा तिरस्कार अदबीनं व्यक्त केला. ताटली फेकली. तनुजानं डावीकडे झेप घेऊन ती टिपली, तेव्हा मागच्या रांगांतून "आउट!" अशी आरोळी उठली. समितीच्या अध्यक्षाबाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी वहीत टिपण केलं, 'क्रीडा आणि साहित्य यांचा समन्वय.'

मग सायली चहाचा ट्रे घेऊन आली. वाळलेल्या साबणानं तिचे केस पांढरे आणि उभे झाले होते. अध्यक्षाबाई शेजारच्याला म्हणाल्या, "कामगार स्त्रीचं अकाली वार्धक्य. काय मेकअप आहे!"

सायलीनं ट्रे खाली ठेवला आणि स्टेजवरचा माइक हातात घेतला.

"चहा नाय मिळायचा," ती म्हणाली. "पानी गेलं."

ऋतुराज पुढचं वाक्य आठवू लागला. त्याच्या वाक्याआधी हे वाक्य नव्हतं.

"सकाळी आलतं. यांच्यासाठी आलतं." तिनं समितीकडे बोट केलं. "हे गेले, पानी गेलं. आम्ही हितं राहतो व्हय, का यांच्या वाटंवर बसतो? ग्रंथालयाचं कपाट आज उघडलं. फोटो काढला, पुस्तक हातातून काढून घेतलं. मी पहिलं पान वाचत होते! अन् आमचे सर. इतकं चांगलं शिकवतात, त्यांला बसाया खुर्ची नाय. ते आम्हाला राग शिकवायलेत. त्यांनी कुठून आणायचा?"

पहिल्या रांगेतून प्राचार्यांनी खूण केली. थांबवा. बुद्धभूषण स्टेजवर गेला. सायलीच्या हातून माइक घ्यायचा, 'धन्यवाद' म्हणायचं, पडदा पाडायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. माइक हातात आला. त्यानं तोंड उघडलं आणि 'धन्यवाद'च्या जागी भलतंच काही बाहेर पडलं.

"ती खरं बोलतेय," तो म्हणाला. "मी इथं संताप शिकवतो, आणि मला संतापायची मुभा नाही. दरवर्षी मी नवा असतो. दरवर्षी मुलाखत घेता, मी तुम्हाला माझं नाव सांगतो, जसं काही तुम्हाला ते ठाऊकच नाही! तुमच्यासमोर हसून हसून माझं तोंड तसंच झालंय. आई विचारते, कायम कधी होणार. मी तिच्याशी इंग्रजी शब्द बोलतो, तिला कळू नये म्हणून. लाज वाटते मला! आणि लाज मला का वाटावी? तुम्हाला का नाही वाटत?"

त्याचा आवाज मांडवाच्या मागच्या कनातीपर्यंत गेला. इतका मोठा आवाज आपल्यात होता, हे त्याला तेव्हा कळलं. अंगातून काहीतरी जड वाहून गेलं. पोरं चिडीचूप झाली. सायलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वसतिगृहाच्या हद्दीत त्या वेळी तेवढंच होतं.

अध्यक्षाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"अप्रतिम! ब्रिटिश आशयाचं असं स्थानिकीकरण मी कुठंही पाहिलं नाही!"

"मॅडम, हे नाटक नाही," बुद्धभूषण म्हणाला.

"अहाहा!" शेजारचे सदस्य उद्गारले. "प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यातली भिंतच पाडली!"

"अहो, मी खरंच चिडलोय! टाळ्या वाजवू नका!"

टाळ्या दुप्पट झाल्या. प्राचार्य क्षणभर गोंधळले. मग समिती उभी आहे हे पाहून तेही उठले आणि सगळ्यांत जोरात वाजवू लागले.

एक सदस्य नेमके फोनवर बोलायला बाहेर गेले होते. त्यांच्यासाठी जेवणानंतर संतापाचा पुनःप्रयोग ठेवावा, अशी सूचना आली आणि ती प्राचार्यांनी मान्य केली. सायली म्हणाली, "मी डोकं धुऊन येते." ती पाहुण्यांच्या खोलीत गेली, आतून कडी लावली, आणि समितीसाठी आणलेल्या पाण्याच्या सीलबंद बाटल्या एकेक करून डोक्यावर ओतल्या. त्यामुळे समितीला बिर्याणी पाण्याशिवाय खावी लागली. उचक्या देत अध्यक्षाबाईंनी लिहिलं, 'वंचिततेचा प्रत्यक्ष अनुभव पाहुण्यांनाही देण्यात येतो.'

सायली परत आली नाही. बुद्धभूषणनं एकट्यानं पुन्हा सगळं सांगितलं. शब्द तेच होते. मात्र 'लाज वाटते मला' या वाक्याशी आल्यावर तो किंचित थांबला. सकाळी तिथं शांतता पसरली होती, आणि ती आता पुन्हा पसरते का, याची तो वाट पाहत होता. हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्यानं उरलेली वाक्यं भराभर उरकली.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. निष्पत्ती 'पूर्णतः साध्य' ठरली. दर शनिवारी प्रयोग ठेवायचं आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांनाही बोलवायचं, असं प्राचार्यांनी जाहीर केलं. बुद्धभूषण त्यांना भेटायला गेला.

"सर, त्या पदाचं बघू म्हणाला होतात."

"बघितलं ना," प्राचार्य मायेनं म्हणाले. "तुम्हाला कायम करायला माझी ना नाही. पण कायम झालात की तुमचा संताप जाणार. संताप गेला की निष्पत्ती गेली, निष्पत्ती गेली की श्रेणी गेली. कॉलेजचं एवढं मोठं नुकसान तुमच्यासारखा माणूस करेल का?"

"आणि मुलींचं पाणी?"

"पाणी दिलं तर ती मुलगी बोलणार काय? अहो, तिचा संताप आता आपला वारसा आहे. जपायला नको?"

निकाल लागला. पुनःप्रयोगाला गैरहजर राहिल्याबद्दल सायली प्रात्यक्षिकात, म्हणजे संतापात, नापास झाली. ऋतुराज 'संयमित संतापा'साठी वर्गात पहिला आला. तो ओशाळून तिच्याकडे पेढे घेऊन गेला. म्हणाला, "सायली, मला आता जरा जरा यायलाय राग." तिनं पेढा घेतला आणि त्याला सांगितलं, की एवढ्यावर समाधान मानू नको.

शनिवार आला. मांडव भरला. बुद्धभूषण घरून निघाला, पण फाटकाच्या आत गेला नाही. फाटकासमोरच्या फुटपाथवर सतरंजी टाकून बसला. त्याच्या शेजारी सायली बसली. करुणा दवाखान्यातून परस्पर आली, गीताबाईंना रिक्षानं घेऊन. ऋतुराज गाडी लांब लावून चालत आला. पाणी द्या आणि पद भरा, असं एका पुठ्ठ्यावर लिहिलं होतं. या वेळी बुद्धभूषण ओरडत नव्हता. त्याला बरं वाटत होतं. आपण कुणाला काही दाखवत नाही आहोत, एवढ्यानंच बरं वाटत होतं.

मांडवातली मंडळी हळूहळू बाहेर आली. पथनाट्य आहे, अशी कुजबुज झाली. लोक गोल करून उभे राहिले, लहान पोरांना पुढं बसवलं, मक्याची कणसं भाजणाऱ्यानं गाडा जवळ आणला. प्राचार्यांनी दोन शाली पाठवल्या.

"पुढचा प्रयोग कधी?" एकानं विचारलं.

"हा प्रयोग नाय, दादा," सायली म्हणाली.

"लई भारी डायलॉग!" तो म्हणाला आणि टाळी दिली.

तेवढ्यात त्या रस्त्यानं तुम्ही आलात. गाडी बाजूला घेतलीत, गर्दीतून पुढं सरकलात आणि हात उंच करून मोबाइल धरलात. सायलीनं तुमच्याकडंच पाहिलं. "व्हिडिओ नंतर काढा," ती म्हणाली, "बसता का आमच्यासंगं थोडं?" तुम्ही मनापासून हसलात. तिचं ते वाक्य व्हिडिओत छान आलं. मग कणीस घेतलंत, लिंबू-मीठ चोळून घेतलंत, आणि घरी पोचायच्या आत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपांवर टाकून खाली लिहिलंत, 'मुलीचं काम उत्तम. सरांचा संताप मात्र थोडा कृत्रिम वाटला.'